नाताळसाठी क्रोशाच्या चांदण्या, गोठा आणि भेटी

साखळी_खांब
५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११:२०

दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली, आणि मी नाताळच्या क्रोशाकामावर चर्चेचा धागा काढतेय. डिसेंबरात हातात घेतलेलं क्रोशाचं काम पुरं होत नाही. एकदा घराची साफसफाई आणि फराळ सुरू झाला की सुई बाजूला पडते. म्हणून आत्ताच.

यंदा आमच्या घरी (वसई) झाडावर प्लॅस्टिकचे गोळे आणि चमकत्या झिरमिळ्या लावायच्या नाहीत असं ठरलंय. सगळं हातचं आणि सगळं सुती दोऱ्याचं: चांदण्या, घंटा, छोटे देवदूत, आणि जमलं तर येशूजन्माच्या देखाव्यातली, म्हणजे गोठ्यातली मंडळीसुद्धा. झाडासाठी लोकर नको, हे माझं ठाम मत आहे. अ‍ॅक्रिलिक लोकरीची चांदणी दोन दिवसांत मान टाकते. तिला खळ धरत नाही आणि इस्त्री लावली की ती वितळते. सुती दोरा धुता येतो, कडक करता येतो, इस्त्रीही सोसतो.

मी विणतेय ती सर्वात साधी पाच टोकांची चांदणी देते. १० नंबरचा मर्सराइज्ड दोरा आणि १.५ मिमीची पोलादी सुई. मॅजिक रिंग (ओढून बंद करता येणारी दोऱ्याची कडी) घ्या. ३ साखळ्या (हा पहिला खांब, म्हणजे उंच टाका) आणि रिंगमध्ये आणखी ९ खांब, म्हणजे एकूण १०. रिंग ओढून बंद करा, स्लिप स्टिचने (उंची न वाढवणाऱ्या जोडटाक्याने) जोडा. आता टोकं. ५ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब (बुटका टाका), पुढच्या साखळीत अर्धा खांब, मग खांब, मग दुहेरी खांब. खालच्या फेरीतला एक टाका सोडून त्यापुढच्या टाक्यात स्लिप स्टिच. असं पाच वेळा केलं की चांदणी पुरी. साडेतीन-चार सेंटीमीटरची होते. विणताना मधोमध थोडी खोलगट वाटेल, पण खळ लावून टोकं टाचण्यांनी ताणली की सपाट बसते. हेच जाड सुती दोऱ्याने ३ मिमीच्या सुईवर केलंत तर दारावर लावण्याजोगी मोठी चांदणी मिळते.

मला दोन गोष्टींत तुमची मदत हवीय. एक, कडक करायला काय वापरता? दोन, क्रोशाचा गोठा कुणी केलाय का? मापं कशी ठरवलीत?

---

मडगावची
५ ऑक्टोबर २०२५, दुपारी ३:०५

चांदणीचा नमुना छान आहे. आमच्याकडे घरोघरी बाहेर नक्षत्र (चांदणीच्या आकाराचा कंदील) टांगतात, त्याखाली अशा लहान चांदण्यांची माळ सोडली तर फार शोभेल.

कडक करायला आमच्याकडच्या जुन्या बायका साखरच वापरायच्या. एक वाटी साखर, एक वाटी पाणी. साखर विरघळून पाणी नितळ झालं की लगेच उतरवायचं. पाक एकतारी होऊ द्यायचा नाही, आणि रंग तर अजिबात धरू द्यायचा नाही, नाहीतर पांढरा दोरा पिवळट होतो. कोमट झाल्यावर विणलेला तुकडा बुडवायचा, हलका पिळायचा आणि आकार देऊन वाळवायचा. साखरेने येणारा कडकपणा दुसऱ्या कशानेच येत नाही. उभ्या झालरीच्या टोपल्या पूर्वी साखरेवरच उभ्या राहायच्या.

पण मुंग्या येतात. आणि पावसाळ्यात कपाटात ठेवलेलं सगळं चिकट होतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

---

नगरवाली
५ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

आमच्या नगरकडे हवा कोरडी, त्यामुळे साखरही टिकते, पण आम्ही खळ करतो. माझी रीत अशी:

दोन मोठे चमचे आरारूट अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचं. दीड वाटी पाणी उकळत ठेवायचं, त्यात ते ओतून एकसारखं ढवळायचं. दुधट रंग जाऊन पारदर्शक झालं की गॅस बंद. पांढऱ्या दोऱ्यासाठी निळीचा एकच थेंब. साय धरू नये म्हणून निवेपर्यंत अधूनमधून हलवायचं. आरारूट नसेल तर कॉर्नफ्लोअर चालतं. तांदळाची पेजही चालते, पण ती नीट गाळलेली हवी, नाहीतर पिकोच्या (कडेच्या बारीक फासांच्या) भोकांत कण अडकतात.

वाळवायला थर्माकोलचा तुकडा, त्यावर पॉलिथिन ताणून बसवलेलं. कागदावर चांदणीचा आराखडा काढून तो पॉलिथिनखाली ठेवला तर सगळ्या चांदण्या एका मापाच्या होतात. टाचण्या न गंजणाऱ्याच घ्या. साध्या टाचणीचा गंज ओल्या दोऱ्यावर एका रात्रीत उतरतो आणि तो डाग पुढे निघत नाही. घंटांसाठी लहान वाटी किंवा कुल्फीचा साचा पालथा घालून त्यावर पॉलिथिन गुंडाळायचं आणि ओली घंटा त्यावर चढवायची. तळाच्या झालरीला मात्र हाताने वळण द्यायचं, ते साच्याने येत नाही.

---

साखळी_खांब
६ ऑक्टोबर २०२५, सकाळी ७:५५

नगरवाली, कृती अगदी नेमकी दिलीत, आभार. पण माझी खरी अडचण साठवणीची आहे. मुंग्या टाळायला खळ घ्यावी तर तिला कसर आणि झुरळं लागतात. पिष्टमय काहीही त्यांना चालतं. फेविकॉल आणि पाणी समभाग घेऊन लावलं तर? ते पारदर्शक वाळतं आणि किडेही लागत नाहीत.

---

नगरवाली
६ ऑक्टोबर २०२५, सकाळी १०:३०

फेविकॉलने काम होतं, नाही असं नाही. विकायचं असेल किंवा लांब पाठवायचं असेल तर मीही तेच वापरते. पण घरच्या वस्तूंसाठी माझं मत वेगळं आहे, आणि ते जरा सविस्तर सांगते.

फेविकॉल एकदा दोऱ्यात मुरला की ती वस्तू पुन्हा मऊ करणं कठीण. धूळ बसली, मेणबत्तीची काजळी लागली, तर धुवायची कशी? आकार बिघडला तर पुन्हा ताणायची कशी? त्याउलट खळ किंवा साखर गरम पाण्यात निघून जाते. म्हणून कडक वस्तू साठवायचीच नाही. ६ जानेवारीला झाड उतरवलं की सगळ्या चांदण्या, घंटा गरम पाण्यात अर्धा तास भिजत घालायच्या, सौम्य साबणाने धुवायच्या, उन्हात कोरड्या करायच्या आणि मऊच ठेवून द्यायच्या. सुती कापडात गुंडाळून डब्यात. मुंगी आणि कसर यांना खायला त्यात काहीच उरत नाही, आणि पावसाळ्यात चिकट व्हायलाही काही नसतं.

मग पुढच्या वर्षी आगमनकाळाच्या (नाताळच्या तयारीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी खळ शिजवायची. यंदा तो ३० नोव्हेंबरला आहे. आमच्या घरी त्या संध्याकाळी मुलं टाचण्या लावायला बसतात. एकाच चांदणीला दरवर्षी नवी खळ मिळते, त्यामुळे ती दरवर्षी पांढरीशुभ्र दिसते. माझ्या सासूबाईंच्या हातच्या घंटा अजून अशाच वापरात आहेत.

खळीत मोरचूद घातलं की कीड लागत नाही, असं कुणी सांगेल. पुस्तकं बांधणारे तसं करायचेही. पण ते विषारी आहे आणि नाताळच्या वस्तू मुलांच्या हाताशी असतात. घालू नका.

---

मडगावची
६ ऑक्टोबर २०२५, दुपारी १२:१०

धुऊन ठेवायचं! पटलं. मग साखरेलाही आमची काही हरकत नाही. जानेवारीत धुतली की पावसाळ्याचा प्रश्नच मिटला. मुंग्या मात्र डिसेंबरातही येतात, तेव्हा माझ्याकडूनही यंदा आरारूटच.

एक पुस्ती जोडते. लाल दोरा वापरणार असाल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग उतरत असेल तर तो दोरा पांढऱ्याबरोबर एकाच तुकड्यात विणू नका. रंग खळीच्या पाण्यात सुटतो आणि पांढरा भाग गुलाबी होतो. मीठ, व्हिनेगर यांवर भरवसा ठेवू नका. लाल चांदण्या वेगळ्या आणि त्यांची खळीची वाटीही वेगळी.

---

पहिली_साखळी
७ ऑक्टोबर २०२५, सायंकाळी ६:४५

नमस्कार, मी क्रोशे याच वर्षी शिकायला घेतलंय, पुण्यात राहते. वरची चांदणी व्हिडिओ बघत विणतेय, पण मधली रिंग ताणल्यावर उघडते. आणि इंग्रजी नमुने वाचताना माझी वस्तू कधी दुप्पट उंच होते, कधी निम्मी. असं का होतं?

---

साखळी_खांब
७ ऑक्टोबर २०२५, रात्री ८:२०

रिंगचं आधी सांगते. सुरुवातीचं दोऱ्याचं टोक चांगलं लांब ठेवा, वीतभर तरी. रिंग ओढून बंद केल्यावर ते टोक शिवणाच्या सुईत ओवून टाक्यांच्या तळातून गोल फिरवा, आणि पूर्ण फेरी झाल्यावर उलट दिशेने थोडं मागे आणा. नुसती गाठ मारून कापलं तर धुतल्यावर सुटणारच, आणि आपण तर दरवर्षी धुणार आहोत.

उंचीचं कारण असं की अमेरिकी आणि ब्रिटिश नमुन्यांत एकच नाव वेगवेगळ्या टाक्यांना आहे. अमेरिकी ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब, ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसलं तर तो अमेरिकी, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही. आपल्याकडच्या जुन्या पुस्तिका बहुतेक ब्रिटिश पद्धतीच्या असतात आणि इंटरनेटवरचे नमुने बहुतेक अमेरिकी. म्हणून मी कुठलाही नमुना आधी वहीत साखळी, मुका खांब, अर्धा खांब असा उतरवून घेते आणि मगच सुई हातात घेते.

---

उत्तर_वसई
९ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:५०

गोठ्याच्या प्रश्नावर कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मी केलाय, आणि दरवर्षी त्यात एखाद्या मूर्तीची भर घालते.

गोठ्यातल्या मूर्तींसाठी अमिगुरुमीची रीत घ्यायची, ती जपानी खेळणी करतात तशी. भरीव, गोल गोल फेऱ्यांत, सगळे मुके खांब. इथे मला जाड सुती दोराच आवडतो, पण लोकर वापरली तरी चालेल, कारण मूर्तींना खळीची गरज नाही. वीण घट्ट हवी. जाडीनुसार जी सुई सांगितलेली असते, तिच्यापेक्षा एक-दोन नंबर बारीक घ्या, म्हणजे आतला कापूस बाहेर डोकावत नाही.

मापं मी योसेफवरून ठरवली. तो उभा, सुमारे १५ सेंटीमीटर. मारिया गुडघ्यांवर, ११ सेंटीमीटर. बाळ येशू ५ सेंटीमीटर. मेंढ्या ६-७. बैल आणि गाढव बसलेले केलेत तर १० सेंटीमीटर पुरतात आणि पाय विणण्याची कटकट वाचते.

धड सगळ्यांचं सारखंच. रिंगमध्ये ६ मुके खांब, मग १२, १८, २४, ३०, प्रत्येक फेरीत सहा-सहा वाढवत. हा तळ. पुढची एक फेरी फक्त मागच्या दोऱ्यात विणायची, म्हणजे तळाला स्पष्ट कड येते आणि मूर्ती बसकी उभी राहते. त्यावर काही फेऱ्या सरळ, मग तीन-चार फेऱ्यांनी एकदा सहा टाके कमी करत गळ्यापर्यंत. डोकं वेगळं: ६, १२, १८, २४, मग पाच फेऱ्या सरळ, मग तसंच कमी करत यायचं. टाके कमी करताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे दोरे सुईवर घेऊन एकत्र विणा, खड्डा दिसत नाही. फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा, नाहीतर फेरी कुठे संपली ते कळत नाही आणि धड एका बाजूला झुकतं.

तळात वजन हवंच. मी पातळ कापडाच्या पुरचुंडीत काचेच्या दोन-तीन गोट्या बांधून घालते. तांदूळ किंवा कडधान्य भरू नका, पोरकिडे होतात. आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर प्लॅस्टिकचे डोळे, मणी, गोट्या काहीच वापरू नका. काळ्या दोऱ्याने डोळे भरा आणि मूर्तीचा तळ जाड पुठ्ठा घालून रुंद करा.

बाळ येशू गव्हाणीला शिवू नका, सुटा ठेवा. २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी असते आणि मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) आल्यावर घरातलं सर्वात लहान मूल बाळाला ठेवतं, निदान आमच्याकडे तरी. तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतात. ते रोज थोडे पुढे सरकत ६ जानेवारीला पोचतात. मूर्ती क्रोशाच्या असल्या की हे सगळं मुलांच्या हातात निर्धास्त देता येतं. मातीच्या मूर्ती असताना आम्ही त्यांना हातही लावू दिला नसता.

आणखी एक. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात पहिला देखावा मांडला तेव्हा त्यात खरा बैल आणि खरं गाढव होतं, गावातलेच लोक हातात मशाली घेऊन आले होते. येशूचा जन्म आपल्याच गावात घडतोय असं वाटावं, यासाठी ते होतं. म्हणून माझ्या गोठ्यात मेंढपाळांशेजारी केळीचा घड घेतलेला शेतकरी आहे, रहाटाची विहीर आहे, आणि आजीसारखं लाल लुगडं नेसलेली बाई आहे. तुम्ही नगरच्या असाल तर बाजरीची कणसं विणा, कोकणातल्या असाल तर होडी विणा.

---

नगरवाली
१० ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:१५

बाजरीची कणसं! खांबांचे झुबके करून नक्की जमतील. यंदा विणतेच.

---

डब्लिनवासी
११ ऑक्टोबर २०२५, दुपारी २:३०

धागा सुरुवातीपासून वाचला. मी डब्लिनला असते आणि इथे क्रोशाला जो मान आहे त्यामागे मोठं दुःख आहे, ते इथे सांगावंसं वाटलं.

१८४५ पासून बटाट्याचं पीक सलग गेलं आणि आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या काळात कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉकमधल्या उर्सुलाइन नन्सनी बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवली. उत्तरेला मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावी १८४७ मध्ये तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी हेच काम उभं केलं. एक सुई आणि दोऱ्याचं रीळ, बाकी काही भांडवल लागत नाही, म्हणून ते घरोघर पोचलं. कित्येक कुटुंबं त्या लेसवर जगली. कित्येकांनी त्या पैशांतून अमेरिकेच्या बोटीचं तिकीट काढलं.

आयरिश क्रोशात गुलाब, पानं, तीन पानी शॅमरॉक असे आकार सुटे विणतात आणि शेवटी जाळीने जोडतात. जाड दोरी आत धरून तिच्यावर मुके खांब विणतात, त्यामुळे फूल उठावदार दिसतं. तीन थरांचा गुलाब झाडासाठी फार सुंदर. पहिल्या थराच्या मागून साखळीच्या कमानी घालायच्या आणि दुसऱ्या थराच्या पाकळ्या त्या कमानींत विणायच्या. या गुलाबाला खळ पातळ लावा, नाहीतर पाकळ्या एकमेकींना चिकटतात.

सुट्या आकारांची ही रीत आपल्यालाही सोयीची आहे. बसमध्ये, दवाखान्यात वाट बघताना एक फूल होतं. मी इथल्या शेजारणींना दरवर्षी एकेक आकार देते, त्याच्या पाठीमागे त्या वर्षाचा आकडा दोऱ्याने भरून. त्यांची झाडं आता माझ्या गुलाबांनी भरत चालली आहेत. ६ जानेवारीला इथे, विशेषतः कॉर्क आणि केरी भागात, बायकांचा नाताळ असतो. त्या दिवशी घरकाम पुरुषांनी करायचं आणि बायकांनी एकमेकींकडे जायचं. चांदण्या धुवायचं काम त्या दिवशी नवऱ्याकडे सोपवायला हरकत नाही!

---

सुतीधागे
१३ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११:००

मी कोल्हापूरची. नाताळ आमच्या घरी नसतो, पण मैत्रिणी आहेत, मुलाच्या शाळेत आहे, आणि या निमित्ताने भेटी देणं मला आवडतं. बाळंतविड्यातली कुंची, टोपडं, मोजे विणणं आईकडून शिकले. नाताळच्या भेटीला काय द्यावं? टोप्या, मफलरी तर आपल्या हवेत कुणी घालत नाही.

---

मडगावची
१३ ऑक्टोबर २०२५, दुपारी ४:२०

जाळीचा झाकणरुमाल द्या, कडेला मणी लावलेला. याच्याइतकी उपयोगी भेट मला माहीत नाही.

गोव्यात नाताळला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे फराळाचं ताट जातं. नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, कुलकुल. त्यावर विणलेला रुमाल घालायचा. त्याच ताटातून शेजारी दिवाळीला आपला फराळ पाठवतात, तेव्हा रुमालही परत येतो. एरवी तो रुमाल दुधाच्या भांड्यावर, पाण्याच्या जगवर, लोणच्याच्या बरणीवर राहतो. मण्यांच्या वजनाने कड खाली बसते आणि पंख्याने उडत नाही.

तोंडाच्या व्यासापेक्षा आठ-दहा सेंटीमीटर मोठा विणा. मधला भाग कुठल्याही गोल डॉयलीचा (जाळीदार रुमालाचा), फक्त भोकं बारीक ठेवा, माश्या शिरल्या नाही पाहिजेत. मणी सगळ्या दोऱ्यात आधी ओवून बसू नका, ते सारखे सरकवत विणणं फार जिकिरीचं होतं. शेवटची फेरी सोडून सगळं विणा आणि दोरा तोडा. कड मोजा, कमानी किती होतील ते ठरवा, तेवढेच मणी नव्या दोऱ्यात ओवा आणि तो दोरा जोडून फक्त शेवटची फेरी विणा: मुका खांब, ३ साखळ्या, मणी सुईजवळ सरकवून त्याच्यापलीकडे एक साखळी, पुन्हा ३ साखळ्या, खालचे दोन खांब सोडून मुका खांब. मणी कमानीच्या मधोमध लटकतो.

खळ नको याला. मऊच पडायला हवा.

---

उत्तर_वसई
१३ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:३०

मडगावचीला माझा दुजोरा. भेट अशी द्यावी की ती रोज हातात येईल आणि धुतली जाईल. जड, नक्षीदार टेबलक्लॉथ आपण महिनोन्महिने खपून देतो, आणि घेणारी तो ‘खराब होईल’ म्हणून कपाटात ठेवते. त्यापेक्षा पुस्तकातली खूण, कपाखालच्या चकत्या, भांडी धरायचे जाड दुपदरी रुमाल द्या. भांडी धरायच्या रुमालात अ‍ॅक्रिलिक बिलकुल नको, गरम पातेल्याला ते वितळून चिकटतं. तिथे फक्त सूत.

तान्ह्या बाळासाठी कुंची द्यायची तर मऊ सुती दोऱ्याची, पांढरी, नाताळच्या तांबड्या काठाची. त्यात पिको किंवा मोठी जाळी नको, बाळाची बोटं अडकतात. बांधायच्या दोऱ्याही आखूड.

---

पहिली_साखळी
१५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:१०

रिंग आता उघडत नाही! टोक उलटं फिरवल्यावर पक्की बसली. चांदण्यांची माळ सुरू केलीय.

ऑफिसमधल्या एकीने विचारलं, विकणार का? आणि लगेच म्हणाली, ऑनलाइन तर डझनभर फार स्वस्त मिळतात. काय सांगू तिला?

---

साखळी_खांब
१५ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:०५

तिला सांगा की क्रोशे आजही हातानेच होतं. मशीनवर दिसायला तसं कापड निघतं, पण ते वेगळ्या विणीचं असतं, क्रोशाचा खरा टाका मशीन घालू शकत नाही. म्हणजे ती स्वस्त चांदणी खरोखर क्रोशाची असेल, तर कुठल्यातरी बाईने हाताने विणली आहे आणि तिला त्याचे फार थोडे पैसे मिळाले आहेत.

आपल्या देशात आंध्रातलं नरसापूर याचं मोठं केंद्र. गोदावरीच्या काठावरच्या त्या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली आणि ती परदेशी जाऊ लागली. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण घरी बसून विणणाऱ्या बाईला मिळणारी मजुरी पिढ्यान्‌पिढ्या तुटपुंजी राहिली, कारण ते ‘फावल्या वेळचं काम’ समजलं गेलं. आपण मैत्रिणीला दर सांगताना तो फावला वेळ शून्य धरला, तर त्याच समजुतीला हातभार लावतो.

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. एक चांदणी विणायला, खळ लावायला, टाचायला लागणारा वेळ, तुमच्या गावात शिवणकामाला तासाला जी मजुरी मिळते त्या दराने धरा, वर दोरा. तो दर परवडत नसेल तर विकू नका, भेट द्या. भेट दिल्याचा आनंद पुरा मिळतो. पडेल भावाने विकून मात्र आपलंही मन खट्टू होतं आणि दुसऱ्या विणणारीचाही भाव पडतो.

---

सुतीधागे
१६ ऑक्टोबर २०२५, दुपारी १:४०

साखळी_खांब, हे फार गरजेचं लिहिलंत. तोरणांच्या बाबतीतही असंच होतं. मी माझ्या तोरणांचा दर कमी करायचं आता बंद करणार.

झाकणरुमालासाठी मणी आणायला निघालेय. मण्याचं भोक केवढं हवं? २० नंबरचा दोरा आहे माझ्याकडे.

---

मडगावची
१६ ऑक्टोबर २०२५, दुपारी ३:१५

दुकानात दोऱ्याचा तुकडा घेऊन जा आणि तिथेच ओवून बघा. दोरा एकेरी सहज गेला पाहिजे, घासत नको, घासला तर कडेला पहिला तिथेच तुटतो. दोऱ्याच्या टोकाला नेलपॉलिश लावून वाळवलं की सुईची गरज पडत नाही. काचेचे किंवा लाखेचे घ्या. वरून रंग दिलेले प्लॅस्टिकचे मणी दोन धुण्यांत पांढरे पडतात. आणि थोडे जास्तीचे आणून ठेवा, त्याच रंगाचे पुन्हा मिळतीलच असं नाही.